मोटार चाचांच्याच पाळीत का जळते?

कृष्णाकाठच्या गावात भांडणाला बांध पुरतो, आणि बांध शाबूत असला तर पाणी पुरतं. आमच्या गावातलं हे भांडण पाण्याचंही नव्हतं, मोटारीचं होतं. गाव कराडच्या खाली, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेजवळ. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, त्यामुळे जुन्या माणसांना ही शीव अजून फारशी मानवत नाही. माझे अब्बा तरुणपणी सांगलीला आले आणि मोटार वाइंडिंगचं दुकान टाकून बसले. चाचा गावीच राहिले, शेतीवर. मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे घरात एकजण मोटार वापरणारा, एकजण दुरुस्त करणारा आणि एकजण फळ्यावर तिचं गणित मांडणारी.

चाचांची मोटार एकट्याची नाही, चार घरांची भागीदारी आहे. नदीतून पाणी उचलायचं, एकच पाइपलाइन, आणि पाळ्या लावून दारं धरायची. तात्या आणि अण्णा यांची रानं वर माळाला, बापूंचं मधे, आणि चाचांचं खाली मळीला, नदीच्या जवळ. पंचवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग २०१९ नंतर मोटार जळायला लागली. एकदा डिसेंबरात, पुढच्या वर्षी पुन्हा जानेवारीत. उन्हाळ्यात पंखा खराब झाला, बदलला, तर पुढच्या उन्हाळ्यात नवाही गेला. पंखा म्हणजे इम्पेलर, पण शेतात त्याला कोणी इम्पेलर म्हणत नाही.

आता यात एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. वाइंडिंग जळायचं ते चाचांच्या पाळीत. आवाज यायचा तोही चाचांच्याच पाळीत. पहिल्या वेळी योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी ठरलं की ज्याच्या पाळीत जळेल त्यानं भरायचं. चाचांनी भरलं. पुढे चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "त्यांच्याच पाळीला बरोब्बर कशी जळती?" हे "त्यांच्या" नेमकं कसं उच्चारलं गेलं ते मी ऐकलेलं नाही, चाचांच्या मुलाने ऐकलं. तो रात्री घरी येऊन जेवला नाही. चाचांनी मात्र मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "बेटा, मोटार माणूस ओळखते का गं?"

दुकानदाराचा सल्ला तयार होता. पंधरा एचपीची मोटार कमी पडतेय, वीसची बसवा. तात्या-अण्णांना ते पटलं होतं, आणि वीसची घ्यायची तर जुनी दोनदा जाळणाऱ्याने निम्मे पैसे घालावेत असंही बोलणं सुरू होतं. त्या वर्षी चाचांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. एप्रिलच्या एका रविवारी अब्बा आणि मी गावी गेलो.

मुळात मोटार घेताना आपण विचारतो काय? किती एचपी. जणू घोडा जितका मोठा तितकं पाणी जास्त. पण एचपी हे शेवटी काढायचं उत्तर आहे, सुरुवात करायचा प्रश्न नाही. आधी दोन गोष्टी लागतात. सेकंदाला किती लिटर पाणी हवंय आणि ते किती उंच चढवायचंय. उंची म्हणजे नदीच्या पाण्यापासून पाणी पडतं तिथपर्यंतची सरळ उंची, अधिक पाइपात घासण्यात जाते ती. ही दुसरी उंची डोळ्यांना दिसत नाही, पण मोटारीला ती खरीच चढावी लागते. लिटर गुणिले मीटर, भागिले ७५, आणि त्याला पंपाच्या कार्यक्षमतेने भागलं की एचपी येतात.

आमच्या माळाची सरळ उंची साधारण ३० मीटर. १३ लिटरला पाइपातली घट ८ मीटर धरली तर झाले ३८. तेरा गुणिले अडतीस भागिले ७५ म्हणजे साडेसहाच्या थोडं वर. पंपाची कार्यक्षमता ६२ टक्के धरली तर साडेदहा एचपी. थोडी जागा ठेवून साडेबाराची मोटार. आणि खरंच, २०१९ पर्यंत तिथे साडेबाराचीच मोटार होती. ती ज्याने निवडली त्याला हे गणित येत होतं, निदान अंदाज तरी पक्का होता.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दरवर्षी पावसाळ्यात पाणी वाढायला लागलं की नदीकाठच्या मोटारी काढायची धांदल उडते. चिखलात दोरखंड लावून, ट्रॅक्टर जोडून माणसं त्या वर ओढतात. त्या वर्षी ओढायला वेळच मिळाला नाही. आमची साडेबाराची मोटार गाळात गेली. पूर ओसरल्यावर चौघांनी नवी घेतली, आणि घेताना भीतीपोटी तीन गोष्टी केल्या. मोटार एक नंबर मोठी घेतली, पंधराची, जास्त उंचीच्या पंपाची. नवा कट्टा जुन्यापेक्षा जवळपास दोन मीटर वर बांधला. आणि पैसे संपत आले म्हणून ओढायचा पाइप पाच इंचीऐवजी चार इंची टाकला, त्यात वळणं घ्यायला दोन बेंड. तिन्ही गोष्टी समजण्यासारख्या आहेत. पण पुराची ती उंची बघता दोन मीटर वर सरकून काहीच साधणार नव्हतं, आणि रोजचं नुकसान मात्र या तिघांनी मिळून सुरू केलं.

ते समजायला एक जुनी गोष्ट आधी सांगायला हवी. पंप पाणी ओढत नाही. आपण "ओढतो" म्हणतो, पाइपालाही "सक्शन" म्हणतो, पण पाण्याला धरून खेचायला त्याला कुठे टोकच नाही. पंप फक्त आपल्या तोंडापाशी दाब कमी करतो, आणि नदीवर बसलेली हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. ढकलणारी हवा आहे, आणि हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रकाठी ती पाण्याला १०.३ मीटर वर ढकलू शकते, त्यापलीकडे एक वीतही नाही. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की ओढणारा पंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवत नाही. कारण त्याला नीट उमगलं नव्हतं. ते काही वर्षांतच त्याच्या शिष्याने, तोरिचेल्लीने, पाऱ्याच्या नळीने दाखवलं. त्याच्याही खूप आधी, १२०६ मध्ये, दियारबकरच्या अल-जझरीने यंत्रांवरच्या आपल्या किताबात दोन सिलिंडरांचा, ओढनळी असलेला पंप चित्रासकट मांडला होता. आमच्या घरात अल-जझरीचं नाव निघालं की अब्बा खूश होतात. त्यांच्या मते तो पहिला वाइंडर, फक्त तारेचा शोध लागायचा बाकी होता.

आमच्या आजोबांच्या मोटेला ही अडचण नव्हती. मोट पाणी उचलून आणते, विहीर कितीही खोल असू दे, बैलांत दम हवा. मोट गेली आणि इंजिन-मोटार आली, त्याबरोबर ही दहा मीटरची मर्यादा शेतात आली. पण मोटेच्या सवयीने आपण अजून "दम" वाढवायच्याच भाषेत बोलतो.

बरं, दहा मीटर हेही कागदावरचे. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून हवा इथे ९.६ मीटरच ढकलते. महाबळेश्वरला तर पावणेनऊच्या आसपास. महाबळेश्वरला वरण शिजायला वेळ का लागतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना पुढची गोष्ट सोपी जाईल. हवेचा दाब कमी तर पाणी लवकर उकळतं, शंभर अंशांच्या आधीच. कुकरमध्ये याच्या उलट होतं. आता दाब आणखी कमी केला, खूपच कमी केला, तर पाणी तीस अंशांवरही उकळेल. पंख्याच्या तोंडापाशी नेमकं हेच घडू शकतं. हाताला गारच लागणारं नदीचं पाणी तिथे उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे पंख्यातून पुढे सरकतात, जिथे दाब जास्त आहे तिथे पोहोचतात आणि क्षणात मिटतात. फुटतात म्हणणं चुकीचं होईल, ते आत कोसळतात. रिकाम्या जागेवर चहूबाजूंनी पाणी तुटून पडतं, आणि तो घाव पंख्याच्या लोखंडावर बसतो. एक घाव काहीच नाही. पण सेकंदाला असे असंख्य, आणि पंप चालतो रात्रभर.

याला कॅव्हिटेशन म्हणतात. हा शब्द जहाजांच्या पंख्यांवरून आला. १८९४ मध्ये इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने 'टर्बिनिया' नावाची बोट बांधली. तिचं टर्बाइन इतकं वेगवान की पाण्यातला पंखा पोकळीतच फिरायला लागला आणि बोट अपेक्षेइतकी पळेना. त्याने पंख्याचा वेग अजून वाढवला नाही. एका पंख्याचं काम नऊ पंख्यांत वाटून दिलं. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात ती बोट सगळ्यांच्या पुढे पळाली. हे अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मोठी मोटार घेतली नाही त्याने."

अब्बांनी कट्ट्यावर पोहोचताच पंपाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि मुठीचं टोक कानाला. मिरजेत सतारीची जवारी लावणारे कारागीर जसे मान तिरकी करून ऐकतात तसे. तात्यांच्या माळावर पाणी चाललं होतं, आवाज साधा होता, किंचित कुरकुर. मग त्यांनी चाचांच्या मुलाला मळीचा वॉल्व्ह खोलायला सांगितला. मिनिटभरात पंपात कोणीतरी खडी चाळतंय असा आवाज सुरू झाला. अण्णा लगेच म्हणाले, "बघा, ह्यांच्याकडं सोडलं की हे असं होतंय." खरं होतं ते. अण्णा खोटं बोलत नव्हते.

आम्ही आधी हवा बघितली. ओढपाइपाच्या जोडातून हवा घुसत असेल तरी आवाज होतो, पण मग पाण्याबरोबर हवा फसफसत बाहेर पडते आणि बंद केल्यावर पंपातलं पाणी उतरतं. जोडांना साबणाचा फेस लावून, पाणी ओतून तपासलं, ठीक होते. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे बरेचजण सरळ फुटबॉल म्हणतात, पाण्याखाली दोन-अडीच फूट होता, जाळीला शेवाळ होतं ते काढलं. आवाज तसाच. मग दोनशे लिटरचं बॅरल घेऊन पाणी मोजलं. माळावर बॅरल भरायला तेरा सेकंद आणि थोडं वर, म्हणजे सेकंदाला १५ लिटर. मळीवर बारा सेकंद, म्हणजे १७ लिटरच्या आत-बाहेर, तेही धापा टाकत. चाचांच्या मुलाने हिवाळ्यात असंच मोजलेलं होतं, तेव्हा दहा सेकंदांत भरायचं. म्हणजे २० लिटर.

इथे कोडं सुटायला लागतं. पंपाचं एक उलटं वागणं आहे, जे फळ्यावर शिकवतानाही मुलांना पटत नाही. पंपावर उंचीचं ओझं कमी केलं की त्याला आराम मिळत नाही. तो जास्त पाणी फेकायला लागतो, आणि या जातीच्या पंपात पाणी जास्त म्हणजे मोटारीवर भार जास्त. माळाला तीस मीटर चढायचं असतं तेव्हा उंचीच पंपाला लगाम घालते. मळीला जेमतेम बारा मीटर. लगाम सुटला. पंधरा एचपीच्या मोटारीने साधारण २१ अँपिअर घ्यावेत, ती हिवाळ्यात मळीच्या पाळीला २४-२५ घेत होती. ओव्हरलोड रिले त्यासाठीच असतो, तो पडायचा. सारखा पडतो म्हणून कोणीतरी त्याचा आकडा वर चढवून ठेवलेला होता. कोणी, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग रिले पडेना आणि वाइंडिंग जळालं. साडेबाराच्या जुन्या पंपाची उंची बेताची होती, त्यामुळे मळीला सोडला तरी तो इतका उधळत नसे.

उन्हाळ्याचा रोग वेगळा. एप्रिलला नदी खाली गेलेली, पाण्यापासून पंपापर्यंत साडेपाच मीटर. हवेच्या ९.६ मधून वाफेचे ०.४ वजा, उरले ९.२. त्यातून साडेपाच गेले, उरले ३.७. आता पाइपातली घट. चार इंची पाइप, दोन बेंड, फूटव्हॉल्व्ह मिळून १५ लिटरला घट सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे पंख्याच्या तोंडाशी शिल्लक अडीच मीटर. या पंपाला १५ लिटरला गरज २.३ ची. माळावर तो कसाबसा तगला होता, ती किंचित कुरकुर त्याचीच. पण मळीला तो २० लिटरकडे धावतो, आणि पाइपातली घट पाण्याच्या वर्गाने वाढते. दीडपट पाणी तर सव्वादोनपट घट. २० लिटरला घट दोन मीटरच्या वर, शिल्लक दीड. आणि गरज तर उलट वाढून साडेतीनवर गेलेली. दीड मीटर असताना साडेतीन कुठून आणणार? पाणी उकळतं, खडी चाळल्याचा आवाज येतो, पाणीही २० ऐवजी १७ वर अडकतं. हिवाळ्यात नदी दोन मीटर वर असते म्हणून आवाज येत नव्हता, तेव्हा नुसती मोटार तापत होती.

हा शिल्लक आणि गरजेचा हिशोब घरखर्चासारखाच आहे. पंपाची गरज त्याच्या कंपनीच्या आलेखावर छापलेली असते, एनपीएसएच म्हणून. दुकानात तो कागद मागितला तर बहुतेक वेळा माणूस आपल्याकडे असा बघतो की आपण त्याच्या मुलाची गुणपत्रिका मागितली. पण तो मागावा. आमच्या पंपाचा कागद अब्बांनी दोन फोन करून मिळवला. पंप वाईट नव्हता. चुकीच्या जागी बसलेला चांगला पंप होता.

जुना पंखा चाचांच्या गोठ्यात पडला होता. मी तो उचलून आणला आणि कट्ट्यावर ठेवला. पात्यांच्या तोंडाशी, मागच्या अंगाला, लोखंड वाळवीने लाकूड खावं तसं खाल्लेलं. वाळूने झिजलं की गुळगुळीत होतं, हे खरबरीत, भोकाभोकांचं होतं. तात्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे एका माणसाच्या हातचं काम न्हाई." एवढंच. पण माझ्या चाचांना ते ऐकायचं होतं, आणि त्यांनी ऐकलं.

वीसची मोटार बसवली असती तर काय झालं असतं? पंप अजून मोठा, अजून जास्त पाणी मागणारा, ओढपाइप तोच चार इंची. हवा मात्र तेवढीच ढकलणार. महिन्याभरात आवाज दुप्पट. ही गोष्ट दुकानदाराला समजत नसेल असं नाही. पण गिऱ्हाईक विचारतं एचपी, तो विकतो एचपी.

मला या भागात हे बघून नेहमी नवल वाटतं. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही. १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, आधी नांगर, मग १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप. तिथूनच 'किर्लोस्कर' मासिकही निघालं, पंप आणि साहित्य एकाच माळावर. शंभर वर्षं पंप बनवणारा हा मुलूख. ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने पार दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढवलं. वर ढकलायला मर्यादा नाही, पैसे आणि वीज असली की झालं. मर्यादा आहे ती फक्त तोंडापाशी. म्हणून मोठ्या योजनांत पंपाची पाती शक्यतो पाण्याखाली ठेवतात, जॅकवेल बांधून. शेतकऱ्याला जॅकवेल परवडत नाही. पाणबुडी मोटार हा एक मार्ग आहे, पण नदीत गाळ आणि पुरात वाहून जायची भीती, म्हणून आमच्याकडे अजून काठावरचीच मोटार चालते.

उपाय अब्बांनी सांगितला. कट्टा खाली. जुना कट्टा तसाच होता, गाळ काढून मोकळा केला. पावसाळा संपला की मोटार खाली न्यायची, जूनच्या आधी वर. हे कष्टाचं आहे, पण ओढायची उंची जवळपास दोन मीटर वाचते. ओढपाइप पुन्हा पाच इंची, एक बेंड काढून टाकला. पाच इंचीचा चार इंची पंपाला जोड देताना वरची बाजू सपाट असलेला जोड घेतला, नाहीतर वर हवेचा फुगा बसतो. नवा पंखा आणला तो लेथवर साधारण आठ टक्के उतरवून घेतला, कारण एवढ्या उंचीची गरजच नव्हती. रिलेचा आकडा २१ वर आणून ठेवला. सगळं मिळून खर्च वीसच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी आला.

आणि शेवटचा उपाय, ज्यावर सगळं अडलं. मळीची पाळी असेल तेव्हा डिलिव्हरीचा वॉल्व्ह आवळायचा, अँपिअर १९-२० वर येईपर्यंत. उंचीचा लगाम नाही तर वॉल्व्हचा लगाम. (ओढपाइपाला वॉल्व्ह असेल तर तो कधीही आवळू नये, त्याने रोग वाढतो. आवळायचा तो पंपाच्या पुढचा.) हे ऐकून चाचा उठून उभे राहिले. "म्हणजे माझ्याच पाळीला चावी आवळायची?" दोन वर्षं ऐकून घेतलेला माणूस, त्याला हा उपाय शिक्षेसारखा वाटला तर नवल नाही. अब्बा त्यांचे सख्खे मोठे भाऊ, तरी ते गप्प बसले.

मी बॅरलचे आकडे वहीत लिहिले होते, ते वाचून दाखवले. हिवाळ्यात मळीला २० लिटर, माळाला १५. पाळ्या तासांवर वाटलेल्या, प्रत्येकाला सारखे तास. म्हणजे तासाला माळापेक्षा मळीला तिसऱ्या हिश्श्याने जास्त पाणी जात होतं. आता वॉल्व्ह आवळल्यावर सगळ्यांना १५. तात्या-अण्णांचा जो संशय होता, की खालचा जास्त घेतो, तो आकड्यांत खरा होता, फक्त तो कोणी घेत नव्हतं, उतार देत होता. हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा चाचांच्या मुलाने माझ्याकडे रागाने बघितलं. पण चाचा खाली बसले. म्हणाले, "पंधरा तर पंधरा. पण सगळ्यांना पंधरा, आणि मोजून."

वॉल्व्हच्या चाकावर तात्यांनी स्वतः लाल रंगाची खूण केली. मळीला इथपर्यंत, बापूंना थोडं जास्त खुलं, माळाला पूर्ण. बॅरल कट्ट्याजवळच ठेवलं. पुढच्या एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा नदी तेवढीच खाली होती, पण नव्या हिशोबाने पंपाच्या तोंडाशी पाच मीटरच्या आसपास शिल्लक होती आणि गरज सव्वादोनची. मळीला पाणी चाललं होतं आणि पंपाजवळ उभं राहून फोनवर बोलता येत होतं.

त्या दोन वाइंडिंगच्या बिलांचा विषय मात्र कोणी काढलेला नाही. एकदा तात्यांनी चाचांच्या घरी गुळाची ढेप पाठवली, मुलीच्या लग्नाला अण्णा तीन दिवस आधीपासून मांडवात होते. बिलं चाचांच्या कपाटात आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे."

चाचांचा मुलगा अजून टपरीवर चहाला जात नाही.